बारा यार्डांची गाठ

पप्पा,

“उद्या दोरी तू धर,” असं तू म्हणालास तेव्हा मी ओट्यापाशी सुक्या बोंबलांची डोकी छाटत होते आणि मम्मी तव्यावर भाकरी उलटत होती. तू दारात बसून बूट काढायला नाडी शोधत होतास. नाडी तुझ्या बोटांपासून चार अंगुळं लांब पडली होती. मला ती दिसत होती, मम्मीलाही दिसत होती, आणि आम्ही दोघी आपापल्या कामाकडे बघत होतो. त्या वर्षी आपल्या घराला न बघण्याची सवयच लागली होती. मम्मी म्हणाली, “तिला कशाला? ती मास्तरीण हाय, माळीण नाय.” तू हसलास. “मे महिन्याची सुट्टी आहे तिला. बसून बसून जाड होईल.” मग नाडी सापडली, आणि तू बूट न काढता ती पुन्हा बांधलीस. शोधत होतो ती बांधायलाच, असं आम्हाला वाटावं म्हणून.

त्याला आता एकोणीस वर्षं झाली. तुला जाऊन अकरा. मी सेहेचाळीस वर्षांची आहे, डोंबिवलीच्या शाळेत मुलं मला घाबरतात, आणि काल दुपारपासून मला तुला काहीतरी विचारायचंय. म्हणून लिहायला बसले. बोलायला गेले असते तर तू विषय बदलला असतास.

कल्याणच्या पलीकडे नदीच्या अंगाला कारखाना, त्याच्या भिंतीला लागून फुटबॉलचं मैदान, आणि मैदानाच्या कोपऱ्यात आपली दोन खोल्यांची क्वार्टर. तू त्या मैदानाचा माळी. गवत, पाणी, जाळ्या, रेषा, सगळं तुझ्याकडे. तो मोठा लोखंडी रोलर एकोणिसाव्या शतकातला आहे, रेल्वेचे गोरे साहेब इथे बॉल मारायला यायचे तेव्हाचा, असं तू येईल त्याला सांगायचास. त्याच्यावर कोरलेले आकडे झिजून गेले होते, त्यामुळे तुला खोटं पाडायची कुणाची सोय नव्हती. आणि ती दोरी. जाड सुती दोरी, एका टोकाला खिळा, ठरलेल्या अंतरांवर गाठी, प्रत्येक गाठीत एक चिंधी. सहा यार्डांना पिवळी, दहाला निळी, पेनल्टीच्या ठिपक्यासाठी बाराला लाल, आणि अठराला मम्मीच्या जुन्या लुगड्याची हिरवी. टेप तुला आवडायचा नाही. टेप वाचावा लागतो, म्हणायचास, दोरी नुसती ताणायची.

मी आठ वर्षांची असताना रेषांवरच्या ताज्या फक्कीवरून चालत गेले होते. पांढरी पावलं बॉक्सभर उमटली. तू मारलं नाहीस. मला रेषेच्या बाहेर उभं केलंस आणि पूर्ण मॅच संपेपर्यंत हलू दिलं नाहीस. “आत कोण आणि बाहेर कोण, हे ह्या रेघेवर ठरतं. तू पुसलीस तर भांडणं लागतील. ती तू सोडवणार?” मी रडले, तेव्हा तू मला गोलपोस्टपाशी नेलंस आणि समजूत काढायची म्हणून एक गंमत शिकवलीस. दोन पोस्टांमध्ये बरोबर आठ यार्ड असतात. दोरीचा संशय आला की ती पोस्टला लावायची. एकदा पूर्ण, एकदा अर्धं, झाले बारा. “सूत बदलतं गो. लोखंड नाय बदलत.” तू घरी आमच्या बोलीत क्वचितच बोलायचास, म्हणून ते वाक्य राहिलं. राहिलं, पण हव्या त्या वेळी उपयोगाला आलं नाही.

तो राष्ट्रीय लीगचा शेवटचा सीझन होता. पुढच्या वर्षापासून नवी लीग येणार, त्यात खेळाडू फक्त खेळाडूच असणार, असं सगळे बोलत होते. आपल्या टीमची पोरं तोवर अर्धी खेळाडू आणि अर्धी नोकरदार. सकाळी आठला मस्टरवर सही, दुपारपर्यंत टेबल, तीन वाजता बूट. आपला बचावातला स्टॉपर टाइम ऑफिसमध्ये लोकांचे लेटमार्क लावायचा, आणि आपला गोलकीपर स्टोअरमध्ये कामगारांना हातमोजे द्यायचा. त्यावरून त्याची किती थट्टा व्हायची. “सगळ्यांना हातमोजे दिलेस, स्वतःला एक जोडी ठेवलीस ना रे?” तो डोंबिवलीचा, हडकुळा, तेवीस-चोवीस वर्षांचा, अजून कायम न झालेला. पेनल्टी अडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. व्यवस्थापनाने नोटीस लावली होती: टीम पहिल्या आठांत राहिली तर नव्या लीगचा विचार करू, नाहीतर टीम बंद. शेवटच्या मॅचआधी आपण आठवे होतो, आणि गोव्याची टीम आपल्या मैदानावर येणार होती. बरोबरी पुरली असती.

तुझ्या डोळ्यांचं मला त्याआधी दोनच महिने माहीत होतं. कल्याणात कारखान्याचं कुणीतरी भेटेल म्हणून तू मला घेऊन ठाण्याला, टेंभी नाक्यावरच्या डॉक्टरकडे गेलास. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं जपा, असं डॉक्टर म्हणाले, आणि उरलेलंही फार नव्हतं. तिथून आपण कोपरीला मावशीकडे चहाला गेलो आणि तू तिला हसत सांगितलंस, “चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काय नाय.” स्टेशनच्या जिन्यावर तू माझा दंड धरलास. रिटायर व्हायला दोन वर्षं होती, आणि क्वार्टर नोकरीवरच होती. तू म्हणालास, “मैदानावर कुणाला कळता कामा नये. मी मेल्यावरसुद्धा नाही.” मी विचारलं, मेल्यावर काय फरक पडतो? तू एकेक पायरी पायाने चाचपत उतरत होतास. “आंधळा होता म्हटलं की पंचवीस वर्षांच्या सगळ्या रेषा वाकड्या ठरतील.” मी हो म्हटलं. शपथ वगैरे तू घातली नाहीस. तुला तशी गरज वाटायची नाही.

मॅचच्या दोन दिवस आधी मी तुला पंपाच्या खोलीत बघितलं. तू दोरी मांडीवर घेऊन गाठी चाचपत होतास. चिंध्यांवर वर्षानुवर्षांची फक्की बसून त्या दगडासारख्या झाल्या होत्या. रंग तुला दिसत नव्हते, आणि गाठ कुठली, नुसता थर कुठला, हे बोटांना कळत नव्हतं. पुन्हा पुन्हा तू पहिल्यापासून सुरुवात करत होतास. मी आत आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बाजारात गेलास तेव्हा मी ती दोरी घरी आणली, मम्मी चादरी उकळायची त्या पातेल्यात सोडा घालून चांगली उकळली, घासली, आणि मेच्या उन्हात तारेवर वाळत घातली. दुपारपर्यंत ती कडकडीत वाळली. चिंध्यांचे रंग इतके उठून दिसत होते की मला शाळेच्या स्नेहसंमेलनाची आठवण झाली. तुझ्या हातात दिली तेव्हा तू ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडलीस आणि तुझा चेहरा मोकळा झाला. “अगं, ही तर नवीच झाली. गाठी आता बोलतात.” सगळा दिवस तू शीळ घालत होतास. ती शीळ मला नको असताना आठवते.

मॅचच्या दिवशी सकाळी आपण दोघं मैदानावर. मी फक्कीचा डबा ढकलतेय, तू माझ्या मागून चालतोयस, लांबून बघणाऱ्याला वाटावं बाप पोरीला काम शिकवतोय. बॉक्सच्या रेषांचं काही अवघड नव्हतं. इतकी वर्षं एकाच जागी फक्की पडून तिथलं गवत जळलेलं, मी नुसती त्या खुणेवरून गेले. ठिपक्याचं तसं नव्हतं. सरावाने तिथे खड्डा पडला होता आणि तू आठवड्यापूर्वी लाल माती भरून, चोपून, पाणी मारून ती जागा सारखी केली होतीस. दोन्ही टोकांना जुनं काही उरलं नव्हतं. मी गोलरेषेच्या मध्यावर खिळा ठोकला, दोरी ताणली, लाल गाठ आली तिथे थांबले. मग तुझं मनगट धरून तुझा हात तिथवर नेला. पहिली चिमूट नेहमी तू टाकायचास आणि अंगठ्याने तिच्यावर क्रूस काढायचास. तसा काढलास. माझ्या चुकीवर तू क्रूस काढलास, पप्पा, आणि मी तुझं मनगट धरून उभी होते.

गोलकीपर सगळ्यांच्या आधी यायचा आणि गोलरेषेपासून ठिपक्यापर्यंत पावलं मोजायचा. ती त्याची खोड होती. इतर पोरं त्याला सर्व्हेअर म्हणायची. त्या दिवशी त्याने एकदा मोजली, परत गेला, पुन्हा मोजली. मग तुझ्याकडे आला.

“अंकल, आज ठिपका जवळ आलाय काय? शेवटचं पाऊल पूर्ण पडतच नाही.”

तू त्याच्याकडे तोंड केलंस, जरासं बाजूला, जिथे तो नव्हता. “पंचवीस वर्षं आखतोय मी. तुझे पाय लांब झाले असतील. स्टोअरमध्ये जाऊन बूट बदल.”

मागे वॉर्म-अप करणारी पोरं हसली. तोही हसला, मान खाजवली. तो गेल्यावर तू हळूच मला विचारलंस, “दोरी ताणली होतीस ना?”

“हो पप्पा.”

ते खरंच होतं. ताणली होती. पण त्याच क्षणी मला पातेलं आठवलं, उकळतं पाणी आठवलं. सूत उकळलं की आटतं. पोस्ट दहा पावलांवर होता. दोरी लावून बघायला पाच मिनिटं पुरली असती. पण फळ्यांच्या बाकांवर लोक येऊन बसायला लागले होते, पंच जाळ्या ओढून बघत होते, आणि पोरीने सगळ्यांदेखत बापाची दोरी तपासली असती तर कुणीतरी विचारलंच असतं, का गं, काय झालं तुझ्या बापाला? मी दोरी गुंडाळली. पेनल्टी प्रत्येक मॅचमध्ये थोडीच होते, असं मनाशी म्हटलं. नंतरचा सगळा वेळ मी कुंपणाला धरून उभी होते. बॉल आपल्या बॉक्सच्या जवळ आला की माझे कान बंद व्हायचे.

मागच्या बाकांवरून नेहमीचा आरडाओरडा चालला होता. “अरे लेटमार्क, धाव! तुझा लेटमार्क लागतोय आता!” “फाइल नाय ती, बॉल हाय, पुढे सरकव!” लोक हसत होते, आणि शून्य-शून्यवर वेळ सरत होता. तू माझ्या शेजारी खुर्चीवर बसून आवाजावरून मॅच बघत होतास. शेवटची सात-आठ मिनिटं उरली असतील. आपल्या स्टॉपरने बॉक्समध्ये त्यांच्या पोराला पाडलं आणि शिट्टी वाजली. तू एवढंच विचारलंस, “आत की बाहेर?” मी म्हटलं, आत. गोलकीपरने ठिपक्याकडे बघितलं, मग एकदा आपल्या दिशेने बघितलं. कदाचित सूर्य डोळ्यांवर आला असेल. तो उजवीकडे झेपावला, बरोबर बाजूला, बॉल त्याच्या बोटांना लागला आणि आत गेला. तू म्हणालास, “बोटं लागली काय?” “लागली.” “मग थोडक्यात गेला बिचारा.”

सगळे पांगल्यावर, अजून चांगलं ऊन असताना, मी दोरी पोस्टला लावली. एकदा पूर्ण, एकदा अर्धं. लाल गाठ दीड फुटाहून जास्त तोकडी होती.

मी घरी आले आणि तुला सांगितलं नाही. त्या महिन्यातच टीम बंद झाली. कायम असलेली पोरं टेबलांवर परत गेली. गोलकीपर कायम नव्हता. त्याचं काम पावसाळ्याआधी संपलं. जाताना तो तुझ्या पाया पडायला क्वार्टरवर आला होता. मी आतल्या खोलीत वह्या तपासत बसले होते, सुट्टीत, कुठल्याच वह्या नव्हत्या. त्यानंतरची दोन वर्षं कामगारांच्या स्पर्धांसाठी मीच रविवारी मैदान आखलं, नव्या दोरीने, दरवेळी पोस्टला लावून. तू विचारलं नाहीस की आता इतका वेळ का लागतो. रिटायर झालास आणि लोकांना सांगितलंस, आत्ताच डोळे गेले बघा, कामावर होतो तोवर ठणठणीत होते. माझं लग्न ठरलं तेव्हा तू वर्तमानपत्रात बांधलेलं एक पुडकं मला दिलंस. “मास्तरीण आहेस. शाळेत कधी मैदान आखायची वेळ येईल.” मी पुडकं सोडलं नाही. बाहेरून हात लावूनच कळलं होतं आत काय आहे. तसंच ते कपाटाच्या तळाशी गेलं.

जूनपासून तो गोलकीपर आमच्या शाळेत आठवड्यातून तीनदा येतो. मुलांना शिकवायला. केस पांढरे झालेत, एक गुडघा वाकत नाही. मी कोण हे त्याला पहिल्याच दिवशी कळलं आणि तो इतका खूश झाला की मला पळून जावंसं वाटलं. मधल्या वर्षांत त्याने काय काय केलं ते त्याने सांगितलं, मी ऐकलं. पुन्हा मोठ्या टीमकडून तो खेळला नाही. कुणी बोलावलं नाही का, असं मी विचारलं तर म्हणाला, बोलावलेलं, मीच गेलो नाही.

परवा मी व्हरांड्यात उभी होते. आठवीची एक मुलगी गोलमध्ये उभी राहून म्हणाली, “सर, ती खूप जवळून मारतेय.” तो तिच्यापाशी गेला, वाकता येत नाही म्हणून एक पाय लांब करून कसाबसा खाली बसला. “ऐक. घाबरलं ना, की ठिपका जवळ दिसतो. ठिपका हलत नाही, आपलं मन हलतं. माझं पण झालेलं असं एकदा. मी तर जाऊन विचारून आलेलो, ठिपका जवळ आलाय काय म्हणून. बोल, किती येडा!” मुली हसल्या. मग त्याला मी दिसले. तो लंगडत व्हरांड्यापाशी आला, हसतच. “बाई, आठवतं का तुम्हाला? तुमच्या पप्पांना विचारलेलं मी. अजून लाज वाटते. ते काय चुकणारे होते? माझीच फाटलेली. सॉरी हं, शाळेत असं बोलू नये.” एकोणीस वर्षं, पप्पा. एकोणीस वर्षं तो स्वतःला भित्रा समजून जगलाय, आणि आता माझ्या वर्गातल्या मुलींना शिकवतोय की आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका.

म्हणून काल मी पुडकं सोडलं. त्याला दाखवायला काहीतरी हातात हवं, असं वाटलं. शाळेचा टेप आणला, आमच्या सोसायटीच्या गच्चीवर दोरी पसरली आणि मोजली. हिरवी गाठ तोकडी. निळी तोकडी. पिवळी तोकडी. लाल बरोबर. बारा यार्ड, इंचाचाही फरक नाही. मी तीनदा मोजलं. मग गुडघ्यांवर बसून बघितलं तेव्हा लाल गाठीच्या अलीकडे दीड-पावणेदोन फुटांवर दोरी चेपलेली दिसली. जुनी गाठ होती ती जागा. तिथे सुताचा पीळ अजून वाकडा आहे.

तू गाठ सोडून पुन्हा बांधली होतीस. कधी? मी वर्गावर असताना, एकटा, पोस्ट चाचपत गेला असशील. एकदा पूर्ण, एकदा अर्धं. बाकी तीन गाठींना हात लावला नाहीस. म्हणजे तुला माहीत होतं, आणि नेमकं कुठे चुकलं तेही माहीत होतं. कसं कळलं? माझ्या “हो पप्पा” मध्ये काही ऐकलंस? की नंतर कधी तूही पावलं मोजलीस, त्या पोरासारखी? तो तुझ्या पाया पडायला आला तेव्हा तुला माहीत होतं का, हे मला सगळ्यात जास्त विचारायचंय, आणि त्याचं उत्तर मला नकोय. तू मला वाचवत होतास आणि मी तुला, आणि दोघांच्या मधे तो उभा होता, हात लांब करून.

मी इतकी वर्षं गप्प बसले ते तुझ्या डोळ्यांसाठी, असं स्वतःला सांगत आले. ते सगळं खरं नाही. तुला जाऊनही अकरा वर्षं झाली, आता तुझी क्वार्टर कोण काढून घेणार होतं? मी भ्याले. आजही भितेय. सोमवारी तो येईल, शिपायाकडे चहा मागेल, मला हात करेल. हे ऐकल्यावर तो हात करणार नाही, ह्याची मला भीती वाटतेय, आणि ह्या वयात एवढ्याशा गोष्टीची भीती वाटते ह्याची लाज वाटतेय. दोरी मी पिशवीत भरून ठेवलीय. पण नुसती दोरी दाखवून त्याला काय कळणार? ती मी का उकळली हे सांगायला तुझे डोळे सांगावे लागतात. दुसरी वाट मी काल रात्रभर शोधली, सापडली नाही.

स्टेशनच्या जिन्यावर तुला हो म्हटलं होतं, ते मला परत दे. एकाच माणसाला सांगेन, बाकी कुणाला नाही. तू मान फिरवशील, दारात बसशील आणि सापडलेली नाडी पुन्हा शोधायला लागशील, मला माहीत आहे. तरी विचारते, पप्पा. त्याला सांगू दे.